पाचवी चांदणी

औद्योगिक वसाहतीतलं कंत्राटी काम सुटलं तेव्हा मी रिक्षा घेतली. महाडच्या स्टँडवर नव्या रिक्षाला रांगेत कुणी उभं राहू देईना. तेवढ्यात एक ॲप आलं. ॲपचा माणूस म्हणाला, "काका, आता तुम्हीच तुमचे मालक. अनोळखी माणसं एकाच रिक्षात भाडं वाटून बसणार, ही नवी कल्पना आहे." आमच्याकडे तिघांच्या रिक्षात सात जण बसतात, आणि आठवा ड्रायव्हरला खेटून पोलादपूरपर्यंत जातो. पण मालक व्हायचं होतं, म्हणून मी मान डोलावली.

गिऱ्हाईकं मिळाली ती बहुतेक घरचीच. मुंबईच्या मुलांनी गावाकडच्या आयांच्या मोबाइलात ॲप घालून दिलं होतं. नाते गावची माझी मावशी तर बाजाराला, दवाखान्याला, कीर्तनाला मलाच बोलवायची. उतरताना पाठीवरून हात फिरवायची, पिशवीतली काकडी द्यायची. मग मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून मला चांदण्या द्यायची.

एक दिवस ॲपचा निरोप आला. तुमच्या सेवेवर ग्राहक नाराज आहेत, चांदण्यांची सरासरी वाढली नाही तर रविवारी आयडी बंद. मी तडक मावशीकडे गेलो आणि तिचा मोबाइल बघितला. प्रत्येक फेरीला चारच.

"पाच का नाय देत गो?"

"पुऱ्या पाच देऊन लोकांच्या डोळ्यावर आणू तुला? पोराच्या गालाला तीट लावतात ना, तशी एक काळी सोडलीय."

तिनं वाडीतल्या सगळ्या बायांनाही हेच शिकवलं होतं. शेजारच्या काकूचा माझ्यावर अंमळ जास्त जीव. तिनं दोन तिटा लावल्या होत्या.

"मावशी, त्या पाचव्या चांदणीवर माझं पोट हाय."

"म्हणून तर सांगते. पोटाला कुणाची नजर नको."

मला भयंकर राग आला, आणि असल्या मायेचा राग येतो याची लाजही वाटली. हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या गोड आवाजानं विचारलं, तक्रार वाहनाची आहे की प्रवाशाची? मी म्हटलं, मायेची. कृपया योग्य पर्याय निवडा, असं उत्तर आलं.

शनिवारी रायगड बघायला आलेला एक पुणेकर रिक्षात बसला. वाटभर फोनवर कुणाशी तरी भांडत होता. माझ्याकडे एकदाही न बघता उतरला आणि पाच चांदण्या दाबून गेला. याच्यावरून शंभर मावश्या ओवाळून टाकाव्यात, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

पण एकट्याच्या पाचानं काय होणार? रविवारी आयडी बंद झाला.

मावशीला सांगितलं तशी ती मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. ती उठली, मीठमोहऱ्या घेऊन आली, माझ्यावरून उतरवल्या, मग अंगणात जाऊन रिक्षावरून उतरवल्या. चुलीत टाकल्यावर बराच वेळ तडतड ऐकत राहिली.

"खरं सांग," तिनं हळूच विचारलं, "कुणी पाच दिल्या काय रे?"

"एकानं दिल्या."

"तरीच," मावशी म्हणाली.