आक्काच्या सासऱ्यांचं स्वीडिश

आमच्या आक्काच्या सासऱ्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ते दमत नाहीत, ती गोष्ट दमते. निपाणीत त्यांना लहानथोर सगळे आप्पा म्हणतात. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगाने काटक, डोक्यावर पांढरी टोपी, आणि उभा जन्म तंबाखूच्या व्यापारात गेलेला असूनही तोंडात साधी सुपारीसुद्धा नाही. त्यांच्या परसातला नारळ एकदा शेजाऱ्याच्या अंगणाकडे कलला. लोक म्हणाले, तोडा. आप्पांनी त्याला दोर बांधला आणि रोज सकाळी अंघोळीआधी ते तो थोडा थोडा ओढू लागले. झाड सरळ झालं, असं आप्पा म्हणतात. शेजारी म्हणतो, सरळ कसलं, कंटाळून आप्पांच्या बाजूला कललं. मी स्वतः ते झाड पाहिलंय. शेजाऱ्याचं बरोबर आहे, पण हे आप्पांना सांगायची छाती निपाणीत कुणाला नाही. तर अशा माणसाने उतारवयात एक दिवस ठरवलं की आपण स्वीडिश शिकायचं.

कारण साधं होतं. आप्पांची धाकटी लेक, म्हणजे आक्काची नणंद, नोकरीसाठी स्वीडनला गेली, तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलं आणि तिथलीच झाली. आप्पांनी ते लग्न पचवलं, मासे खाणारा जावईसुद्धा पचवला. पण नात झाली, बोलू लागली आणि पाळणाघरातून आली ती तिकडची भाषा घेऊनच. लेकीने सुरुवातीला मराठीचा हट्ट धरला. मग नोकरी, थंडी, धावपळ यांत तो सुटला. दर रविवारी फोनवर आजोबा-नात समोरासमोर यायचे. आप्पा मराठीत विचारायचे, लेक ते स्वीडिशमध्ये सांगायची, पोर दोन शब्द बोलायची, लेक त्याची मराठीत चार वाक्यं करायची. "ती एवढंच बोलली, मग तू एवढं कुठनं आणलीस?" आप्पांनी एकदा विचारलं. लेक हसली. आप्पा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आक्काला म्हणाले, "जलमभर तंबाखूत दलाल पोसला. आता नातीसंगं बोलायलाबी दलाल? न्हाय जमायचं."

यात मी सापडलो तो माझ्या पेशामुळे. मी बेळगावात कॉलेजात इंग्रजी शिकवतो, खासबागेत राहतो, आणि आक्काचा धाकटा भाऊ या नात्याने आप्पांच्या हक्काच्या टापूत येतो. झालं असं की आप्पांच्या फोनवर स्वीडिश शिकवायची जी सोय होती ती इंग्रजीतून होती. इंग्रजी शब्द सांगा, स्वीडिश मिळवा. आप्पांना मराठी, कानडी आणि बाजारापुरती हिंदी येत होती. इंग्रजी म्हणजे पावतीवर सही करण्याएवढी. म्हणून आधी मी इंग्रजी पुरवायची, मग ते तिचं स्वीडिश करणार. माझ्या विषयाबद्दल त्यांना यत्किंचितही आदर नव्हता. "इंग्लिश म्हंजे नुसता स्टँड हाय, मास्तर. उतरायचं आन गाडी बदलायची. तितं मुक्काम कोण करतंय?" पंचवीस वर्षांच्या माझ्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन अजून कुणी केलेलं नाही.

पण उतरण्यापूर्वी ते स्टँडची कसून तपासणी करायचे. आपण दिवसभर सहज फेकतो ते शब्द ते हातात घेऊन उलटसुलट बघायचे. "टेक केअर म्हणत्यात. काय घ्याचं? कुणाकडनं?" मी म्हणायचो, काळजी घे. "कुणाची?" स्वतःची. "सांगणाऱ्यानं काय केलं मंग? नुसतं सांगून सुटला की त्यो." 'पीस ऑफ केक' म्हणजे सोपं काम हे कळल्यावर त्यांनी मला विचारलं, की आक्काला केक करताना मी कधी बघितलंय का. 'प्लीज'ला स्वीडिशमध्ये एक असा शब्दच नाही, तिथे बहुतेक वेळा 'टाक्क' म्हणजे धन्यवाद, यावरच भागतं, हे लेकीने सांगितलं तेव्हा त्यांना तो देश एकदम पटला. "वस्तू हातात पडायच्या आदीच धन्यवाद! मग समोरचा न्हाय कसा म्हणंल? व्यापारी लोक दिसत्यात."

आणि मग नात्यांचा दिवस उगवला. मी त्यांना 'अंकल' सांगितला होता. मामा अंकल, काका अंकल, मावशीचा नवरा अंकल आणि रिक्षावालाही अंकल, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला होता. पण स्वीडिशमध्ये मामा वेगळा, काका वेगळा, मावशी वेगळी, आत्या वेगळी! आईचा बाप तो 'मूरफार' आणि बापाचा बाप तो दुसराच कुणीतरी. त्या सकाळी सहाला त्यांनी मला फोन केला. "मास्तर, ह्या लोकास्नी मामा कळतोय! आन तुमच्या इंग्लिशला?" मी माझ्या भाषेच्या वतीने माफी मागितली. त्या दिवसापासून ते स्वतःची ओळख मूरफार अशी करून देऊ लागले. निपाणीतल्या पोस्टमनला तो किताब वाटला.

म्हणी-वाक्प्रचारांत तर ते पोहायचे. इंग्रजीत घाई नाही असं म्हणायचं तिथे स्वीडनमध्ये 'बर्फावर गाय नाही' म्हणतात, म्हणजे कुणाचं जनावर गोठलेल्या तळ्यात बुडायला आलेलं नाही. आप्पांनी ते स्वीडिश पाठ केलंच, शिवाय गायीच्या जागी म्हैस घालून गावात चालू केलं. आक्का म्हणायची, "मामंजी, चला की, बस जाईल." आप्पा धोतराचा सोगा सावकाश खोचत म्हणायचे, "म्हस काय बर्फावर न्हाय." धीर धर म्हणायला तिकडे 'पोटात बर्फ ठेव' म्हणतात. चिकोडीकडे एका लग्नात मानपानावरून दोन्हीकडचे हातघाईवर आले, तेव्हा मध्ये उभे राहून आप्पांनी सगळ्यांना पोटात बर्फ ठेवायला सांगितलं. लोक इतके चक्रावले की भांडण तिथेच थांबलं. हे आपलं स्वीडिशमधलं पहिलं यश, असं ते मानतात.

त्यांची शिकण्याची रीत मात्र कुठल्याही शाळेत सापडणार नाही. ते काही लिहून ठेवत नसत. व्यापारात जसा आपला माल दुसऱ्याच्या वखारीत ठेवायचा, तसे ते शब्द माणसांकडे ठेवायला देत. न्हाव्याकडे 'साक्स' म्हणजे कात्री. पिठाच्या गिरणीवाल्याकडे 'म्योल' म्हणजे पीठ. चहावाल्याकडे 'सॉक्केर' म्हणजे साखर. चांभाराकडे 'स्कू' म्हणजे बूट. फुलवालीकडे 'ब्लुम्मा' म्हणजे फूल. ज्याच्याकडे शब्द ठेवला त्याने तो सांभाळायचा आणि आप्पा दारावरून जाताना मागतील तेव्हा खणखणीत परत द्यायचा. एकदा गिरणीवाला विसरला, तर आप्पा त्याला म्हणाले, "माझा माल काय केलास रं?" तो बिचारा खरंच ओशाळला. माझ्याकडे त्यांनी 'उरशेक्ता' ठेवला होता, म्हणजे माफ करा. माझ्याकडे हाच का, असं मी विचारलं. "तुमाला लागतोय," ते म्हणाले.

नात पहिलीत गेली, त्या वर्षी हिवाळी सुट्टीत तिला घेऊन येते असं लेकीने कळवलं आणि आप्पांच्या अंगात वारं शिरलं. तोवर त्या दोघांची प्रत्यक्ष भेट झालेलीच नव्हती. तिकडे थंडीत दुपारी तीनलाच दिवस मावळतो हे त्यांना याच वेळी कळलं आणि ते हबकले. कारण आप्पांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी घास घेत नाही. "म्हंजे पोर दुपारचं जेवती आन दुसऱ्या दिवशी सकाळपतूर उपाशी?" लेकीने समजावलं की ती रात्रीही जेवते. त्यावर ते विचारात पडले आणि शेवटी म्हणाले, "तितला सूर्यच बेभरवशाचा. पोरीचा दोष न्हाय." आजवर त्या घरात कुणासाठी न मोडलेला नियम त्यांनी त्या एका वाक्यात तिच्यापुरता बाजूला ठेवला. मग ते स्वागताच्या चार वाक्यांमागे लागले. फोनवर ते तिच्याशी मुद्दामच स्वीडिश बोलले नव्हते, ते भेटीसाठी राखून ठेवलं होतं. परसात, देवळाच्या वाटेवर, बसमध्ये, सगळीकडे ओठ हलत असायचे. मला म्हणाले, "पयल्या भेटीत मधी कुणी बोलायचं न्हाय. तुमी न्हाय, तिची आई न्हाय. ती आन मी." त्यांच्या डोळ्यांत पाहिल्यावर मला चेष्टा सुचली नाही.

पोर आली तेव्हा निम्मी गल्ली दारात होती. आणि सगळ्यांनी एकदम तिच्यावर इंग्रजी सोडलं. "व्हॉट इज युवर नेम?" "हाऊ आर यू?" "कम, कम, चॉकलेट!" ती सोनेरी केसांची, आप्पांच्या नाकाची पोर आईच्या ओढणीत तोंड खुपसून उभी राहिली. "आगं बया, फॉरेनची असून इंग्लिश येत न्हाय?" शेजारणीने विचारलं. तिच्या मते ही फसवणूक होती. आप्पांनी हाताने सगळ्यांना गप्प केलं, टोपी नीट केली, पोरीसमोर उकिडवे बसले आणि चारही वाक्यं एका दमात म्हणाले. न चुकता. मी त्यांच्या इतक्या तालमी ऐकल्या होत्या की मलाही पाठ होती. पोरीने ऐकलं, आईकडे पाहिलं आणि हळूच काहीतरी विचारलं. आप्पांनी लेकीकडे मान वर केली. लेकीला सांगवेना. शेवटी म्हणाली, "आप्पा, ती विचारती, आजोबा कुठल्या भाषेत बोलले?"

मी आप्पांना हरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते उठले, "व्हय का" एवढंच म्हणाले आणि परसात जाऊन नारळाखाली बसले. शब्द बरोबर होते. पण त्यांचा सगळा चढउतार आमच्या निपाणीच्या बाजाराचा होता, पोरीच्या कानाला त्यातलं काही ओळखीचं लागेना. आक्का चहा घेऊन गेली तर कप तसाच निवला. मला वाटलं, आता सोडतील. आपल्यासारखा माणूस सोडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नातीचा हात धरून बाजारात निघाले. लेकीला बरोबर येऊ दिलं नाही. मला मागून येऊ दिलं, तेही तोंड न उघडण्याच्या अटीवर. पोर नाखुशीनेच चालली होती. न्हाव्याच्या दुकानासमोर आप्पा थांबले आणि म्हणाले, "दे रं माल." न्हाव्याने गिऱ्हाईकाचं डोकं अर्ध्यावर सोडलं, कात्री उंच धरली आणि ओरडला, "साक्स!" पोर दचकली. मग तिने कात्रीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. "साक्स," तिने नीट करून म्हटलं. न्हाव्याने तसं म्हणून दाखवलं. गिरणीवाला पांढऱ्या भुवयांनी दारात आला, "म्योल!" तिने त्यालाही सुधारलं. चहावाला बरणी हलवत "सॉक्केर!", चांभार पायताण नाचवत "स्कू!", आणि फुलवालीने तर "ब्लुम्मा, ब्लुम्मा" करत शेवंतीचा गजराच तिच्या केसांत माळला. प्रत्येकाला आपला एक शब्द येत होता आणि तो त्याने इमानाने सांभाळला होता. आता पोरच आप्पांना ओढत पुढच्या दुकानाकडे नेत होती, ज्यांच्याकडे शब्द नव्हते तेही वाटेत येऊन हळूच विचारत होते, "आप्पा, आमाला एखादा द्या की." घरी येईपर्यंत ती अखंड बोलत होती, मूरफारचे शब्द दुरुस्त करत होती, आणि आप्पा चार वाक्यांतलं एक कळल्यावर मान डोलावत "याहा" म्हणत होते. याहा म्हणजे आपलं "व्हय का". मध्ये कुणी नव्हतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

सुट्टी संपली, ती गेली. परसात, बाजारात, सगळीकडे काही दिवस रिकामं वाटायचं, असं आक्का सांगते. रविवारचे फोन आता लेकीविना होऊ लागले. मग यंदा एका सकाळी पहिल्या बसने आप्पा माझ्या दारात हजर. चप्पल काढता काढता म्हणाले, "मास्तर, इंग्लिश शिकवा." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तर शाळेत तिचं इंग्रजी सुरू झालं होतं, आणि नव्या शब्दांची हौस म्हणून ती आता आजोबांशी इंग्रजीतच बोलायला बघत होती. मी म्हणालो, "आप्पा, इतकं स्वीडिश केलंत, ते वाया जाणार?" ते म्हणाले, "लेकरू जितं जाईल तितं जायाचं. ते आपल्यासाठी थांबतंय व्हय?"

तेव्हापासून ते येतात आणि मी शिकवतो. जिथे मुक्काम करायचा नव्हता, तिथे त्यांनी आता बिऱ्हाड केलंय. परवा वाक्य आलं, 'आय मिस यू'. मी अर्थ सांगितला, म्हणून दाखवलं. एरवी ते शब्द लगेच उलटसुलट करायचे. या वेळी मान हलवून म्हणाले, "ह्ये नगं. ह्ये मी आपल्यातच सांगतो." पुढच्या खेपेला मी मुद्दाम विचारलं, "सांगितलंत का?"

"सांगितलं की. 'तुजी लई आठवण येती, बाळ,' म्हटलं."

"कळलं का तिला?"

"इचारलं न्हाय. तिनं तोंड फोनच्या जवळ आणलं. मग म्हणली, 'ईयेन'. म्हंजे परत म्हणा."

"मग?"

"मग काय. परत म्हटलं," ते म्हणाले, आणि टोपी काढून हातात घेऊन बसले. त्या दिवशी आमचा धडा काही पुढे गेला नाही.