उत्तरेच्या उजेडाची खोली

मास्तर लोकांचं एकमत करायचं म्हणजे काय असतं, हे ज्याने शाळेच्या स्टाफरूममध्ये एक दुपार काढली आहे त्यालाच विचारावं. मारेगाव तालुक्यातल्या ज्या हायस्कूलची ही गोष्ट, तिथे पंखा कोणाच्या टेबलावर फिरावा यावरून दोन मास्तर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलले नव्हते. सहलीचं ठिकाण तर आजवर एका बैठकीत कधी ठरलेलं नाही. अशा लोकांना जाऊन विचारायचं की, तुम्हाला नव्या वर्गखोल्या कशा पाहिजेत? विचारणाऱ्याच्या हिमतीला दादच द्यावी बाप्पा.

तो हिमतीचा माणूस म्हणजे पियूष. याच शाळेत शिकून आर्किटेक्ट झालेला, यवतमाळला ऑफिस थाटून बसलेला. जुन्या विद्यार्थ्यांनी पैसा उभा केला होता आणि चार खोल्या बांधायच्या होत्या. संस्थेचे लोक म्हणाले, नकाशा काढ आणि मोकळा हो. पियूष म्हणाला, तसं नाही, आधी शिकवणाऱ्यांना विचारतो. "टिनाखाली एप्रिल काढलाय मी, मॅडम," तो इंदुताईंना म्हणाला, "ते टिन टाकणाऱ्याने कोणाला विचारलं असतं तर टाकलं असतं का?"

इंदुताई मानकर चित्रकलेच्या. पियूषला सरळ रेघ ओढायला शिकवली ती त्यांनीच. कापूस-तुरीच्या घरातली लेक. बापाने यवतमाळला चित्रकलेच्या कोर्सला घातली तेव्हा भावकी हसली होती, चित्रं काढून पोट भरते काय म्हणून. चांगलं भरलं. या शाळेत लागल्या त्या केस पिकेपर्यंत इथेच राहिल्या. पण एवढ्या वर्षांत त्यांना खोली म्हणून मिळाली नाही. चित्रकलेचा तास कधी व्हरांड्यात, कधी स्टेजवर, कधी सायकल स्टँडच्या सावलीत. रंगाचं पाणी आणायला पोट्टे हापशीवर जात आणि येताना अर्धं एकमेकांच्या अंगावर सांडत. ओली चित्रं कंपाउंडच्या भिंतीवर दगड ठेवून सुकवायची, आणि वारा सुटला की अख्खा वर्ग चित्रांमागे कपाशीच्या शेतात. इंदुताई तेव्हा हसत. घरी मात्र नवऱ्याजवळ बोलून दाखवत, "मले एक खोली पाहिजे होती हो. बाकी काहीच नाही."

बैठक शनिवारी शाळा सुटल्यावर बसली, आणि बसली काय, पेटलीच. गणिताचे देवीलाल राठोड सर म्हणाले, फळा भिंतभर पाहिजे, नाही तं मी सही करत नाही. विज्ञानाच्या अनघा मॅडमना प्रयोगशाळा हवी, ती पण सगळ्यात मोठी. कोणाला दार डावीकडून हवं, कोणाला उजवीकडून. एकाने तर खिडक्याच नको म्हणून सांगितलं, पोरं बाहेर पाहतात! पियूष बिचारा खोडरबर हातात धरून बसला होता. चहा आला आणि गार झाला.

शेवटी इंदुताई उठल्या. "मले एक खोली चित्रकलेसाठी पाहिजे," त्या म्हणाल्या. "खिडक्या उत्तरेकडून, मोठ्या. तिकडचा उजेड दिवसभर सारखा राहते, कागदावर ऊन येत नाही. आत एक नळ आणि बेसिन. अन् चित्रं सुकवायले भिंतीले तार."

एवढं बोलून त्या थांबल्या. आता कोण तुटून पडतं याची वाट पाहत राहिल्या.

कोणीच पडलं नाही. राठोड सर म्हणाले, "बराबर हाये. ताईले खोली भेटलीच पाहिजे." अनघा मॅडम म्हणाल्या, "माझी लॅब थोडी लहान झाली तरी चालेल." हेडसर, म्हणजे किसनराव भोयर, खिडकीबाहेर पाहत होते. पाहता पाहताच म्हणाले, "मंजूर."

काय सांगावं त्या बाईचा आनंद! घरी जाऊन त्यांनी साबुदाण्याची खीर केली, ना सण ना उपवास. दुसऱ्या दिवशी रविवारी कागद पसरून खोली काढायला बसल्या. इथे बेसिन, इथे तार, इथे बुटक्या पोरांचे बाक. काढता काढता हात थांबला.

अनघा मॅडम काय म्हणाल्या होत्या? लॅब लहान चालेल? ज्या बाईने कपाटातला एक कप्पा कधी कोणाला दिला नाही, ती? आणि राठोड सर? हा माणूस दर परीक्षेच्या आधी चित्रकलेचे तास गणितासाठी ओढून घ्यायचा, वर तोंडावर म्हणायचा की रंगकामाने कोणी पास होत नाही. तो ताईंच्या बाजूने बोलतो? या लोकांशी त्या जन्मभर भांडल्या होत्या, त्यांना त्या ओळखून होत्या. हे लोक फक्त एकाच ठिकाणी इतके गोड बोलतात, निरोप समारंभात.

सोमवारी प्रार्थना झाली आणि त्या थेट हेडसरांच्या खोलीत गेल्या. "सर, खरं सांगा मले. राठोड सर माह्या बाजूनं काहून बोलले?"

किसनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग एकदम त्यांचा बांध फुटला. "पट घसरला न ताई. पोरं सारी मारेगावच्या इंग्लिश शाळेत चालली. यंदा चित्रकलेचं पदच मंजूर होत नाही. तुमची बदली दुसऱ्या शाळेत करून राह्यले, ढाणकीकडं म्हणतात."

ढाणकी म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. पण इंदुताईंना त्या घडीला ढाणकी ऐकूच आली नाही. "सगळ्याईले माहीत होतं?"

"मीच सांगतलं त्याईले. तुमच्यापुढं बोलाची हिंमत नाही झाली माही. म्हटलं, जाईपर्यंत तरी बाई खुशीत राहीन."

"रडत्या लेकराच्या हाती खुळखुळा देल्ल्यासारखं केलं सर तुम्ही." त्या म्हणाल्या. "अन् माह्यामागून कोण येईन त्या खोलीत?"

"पदच नाही तं कोण येईन?"

म्हणजे खोली होणार, खिडक्या होणार, नळाला पाणीही येणार, आणि वर्षभरात तिथे मोडके बाक रचले जाणार. इंदुताईंना ते डोळ्यांपुढे दिसलं. बदलीपेक्षा त्यांना हेच जास्त लागलं.

पुढच्या शनिवारी पियूष पक्का नकाशा घेऊन आला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने मोठ्या हौसेने चित्रकलेची खोली नकाशात सगळ्यात वर ठेवली होती. इंदुताई म्हणाल्या, "पियूष, हे खोली खोड."

"मॅडम?"

"खोड म्हटलं न. शिकवणारं कोणी राहणार नाही तिथं. ते जागा मोकळी धर."

त्या खाली बसायच्या आत भांडण पेटलं. अनघा मॅडमना मोठी लॅब परत हवी होती. कोणी म्हणे कॉम्प्युटर, कोणी म्हणे लायब्ररी. राठोड सर तर टेबलावर हात आपटून सांगत होते की ही खोली दहावीची, बाकी बात नाही. इंदुताई ऐकत होत्या. त्यांच्यासमोर त्यांच्याच खोलीची वाटणी चालली होती, आणि खरं सांगू का, आठवडाभरात पहिल्यांदा त्यांना आपल्या माणसांत बसल्यासारखं वाटलं. त्यांच्यातली जुनी भांडखोर बाई जागी झाली.

"नववी 'ब'ले द्या!" त्या ओरडल्या. "पोट्टे अजून टिनाखाली भाजून राह्यले. दहावीले आहे न स्लॅबची खोली!"

"तुम्ही कायले मधात बोलता ताई?" राठोड सर भरात बोलून गेले. "तुम्ही तं चालल्या!"

राठोड सरांचा हात टेबलावर होता तिथेच राहिला.

"चालली तं हो," इंदुताई म्हणाल्या. "पण आज आहो न मी इथं. नववी 'ब'ले द्या."

"द्या," राठोड सर खालच्या आवाजात म्हणाले.

"माझी काही हरकत नाही," अनघा मॅडम म्हणाल्या. हेडसरांनी मान हलवली.

"हरकत नाही कायले म्हणता?" इंदुताई उठून उभ्या राहिल्या. "आत्ता भांडत होते न सारे? माह्याशी भांडा न. राठोड सर, सांगा न मले, 'दहावीचं बोर्ड आहे, तुमाले काय समजते त्यातलं?' नेहमी सांगता न?"

राठोड सरांनी टेबलावरचा हात काढून घेतला. पियूषने मोकळ्या खोलीवर 'नववी ब' लिहिलं. कोणी तरी नाही म्हणेल म्हणून इंदुताई बराच वेळ उभ्या होत्या. कोणी म्हणालं नाही. मग त्या खुर्चीत बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या.