कड्याच्या वाटेवर मी बसलो

इकडे आखातात, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ट्रेकिंगवाला म्हणून मीच प्रसिद्ध होतो. कॉलेजात पाहिलेल्या गडांचे किस्से मी कुणी न विचारताही सांगायचो. म्हणून शेजारचं जोडपं म्हणालं, "फुजैराकडची समुद्राकाठची वाट तुम्हीच दाखवा आम्हाला." बायको आणि आमची मुलगीही निघाल्या.

जाताना ओहोटी होती. कड्याच्या पायथ्याशी, ओल्या खडकांवरून, खळग्यांतले खेकडे बघत आम्ही पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर पोचलो. तपकिरी डोंगर थेट निळ्या पाण्यात उतरले होते. फोटो काढले, पराठे खाल्ले. निघेपर्यंत पाणी चढलं आणि खालची वाट बुडाली. आता कड्यातल्या अरुंद पायवाटेनंच परतायचं होतं.

मी पुढे झालो. मध्येच पायाखालची खडी सुटली आणि घरंगळत खाली पाण्यात गेली. मी खाली पाहिलं. त्यानंतर पाय हलेनातच. दगड घट्ट धरून मी बसकण मारली.

"काय झालं?" बायकोनं मागून विचारलं.

"काही नाही. जरा दम खातो."

दम लागलाच नव्हता. आणि ते सगळ्यांना दिसत होतं. शेजाऱ्यानं व्हिडिओसाठी धरलेला फोन हळूच खिशात टाकला. ते पाहून माझे कान तापले.

बायको कड्याला चिकटून मला ओलांडून पुढे आली. "माझ्या बुटांकडे बघ. खाली नाही."

"उभं राहता येत नाहीये गं मला."

"मग बसूनच ये."

तसाच आलो, फरपटत. "यू आर डूइंग ग्रेट, बाबा," मुलगी मागून म्हणत राहिली. तिला सायकल शिकवताना मी असाच बोलायचो.

गाडीपाशी पोचलो तेव्हा पँट मागून फाटली होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. परतीच्या रस्त्यात शेजारी चहाबद्दलच बोलत राहिला, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

गेल्या महिन्यात मायलेकी पुन्हा त्या वाटेनं गेल्या. मी खाली वाळूत बसलो होतो. शेजारच्या छत्रीखालच्या अनोळखी गृहस्थांनी हिंदीत विचारलं, "आप नहीं गये?"

"डर लगता है," मी म्हणालो. चेहरा तापला, पण या वेळी दम लागल्याचं सांगितलं नाही.