मृत्युपत्रात नसलेली आत्या

भाऊबीज तोंडावर आली असताना मी म्हैसूरच्या गाडीत बसले, तेव्हा मला सोडायला आलेला माझा भाऊ मिरज स्टेशनवर म्हणाला, "जिवंत भावाला टाकून मेलेल्या माणसांना शोधायला निघालेली बहीण मी पहिल्यांदाच बघतोय." मी त्याला खिडकीतून लाडूचा डबा दिला आणि ओवाळणी उधार ठेवायला सांगितली. गाडीचं तिकीट त्या दिवसाचंच मिळालं होतं, त्याला मी काय करणार?

लोक निवृत्तीनंतर बागकाम करतात, मी मृत्युपत्रं वाचते. नोकरी मुंबईत विमा कार्यालयात झाली, त्यामुळे 'वारस' या शब्दाशी रोजचं देणंघेणं. मृत्युपत्रात माणूस खरं बोलतो असं म्हणतात. मला तसा अनुभव नाही. पण कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे मात्र तो नीट ठरवून बसलेला असतो. आमच्या घाडग्यांच्या तीन पिढ्यांची मृत्युपत्रं मी नातेवाइकांच्या ट्रंकांमधून आणि निबंधक कचेरीतून जमवली. पणजोबांच्या मृत्युपत्रात एक ओळ होती: 'नात चि. हिरा ही म्हैसूर, लष्कर मोहल्ला येथील माने यांचे घरी दिली आहे. तिला माझे पश्चात दरसाल साडीचोळी पोहोचवीत जावी.' आजोबांच्या मृत्युपत्रात फक्त एक मुलगा, माझे वडील, आबा. हिरा नाही, साडी नाही, चोळी नाही.

ही हिरा म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आबा तिला अक्का म्हणत. लग्नानंतर थोड्याच काळात, मूल तान्हं असतानाच, तिचा नवरा गेला. आजोबा तिला आणायला म्हैसूरला गेले, तर ती म्हणाली, मी इथंच राहून शिकेन, मास्तरीण होईन आणि मूल वाढवीन. आजोबा एकटेच परत आले आणि आमच्यापुरती ती मेली, असं सांगून मोकळे झाले. "वडील होते तोवर माझं धाडस नव्हतं," आबा म्हणतात, "आणि वडील गेल्यावर तोंड नव्हतं." भाऊबीजेला आमच्या घरी पाट मांडला की आबा काहीतरी काम काढून बाहेर पडतात. लहानपणी मला वाटायचं, त्या दिवशी पेपर उशिरा येतो.

आबा आता नव्वदीकडे झुकलेत. मी निघताना त्यांनी माझा हात धरला. "ती असेल असं नाही माझं म्हणणं. पण जाताना माझ्यावर रागावून गेली का, एवढं बघून ये." मृत्युपत्रावरून वंशावळ शोधता येते, हे मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. राग कसा शोधतात, ते मलाही ठाऊक नव्हतं.

बंगळूर मागं पडल्यावर डब्यात मद्दूरवडा विकणारा आला. कांद्याचा, चपटा, कडेला कडक. मी एक घेतला, मग आणखी एक घेतला. बाहेर उसाचे आणि भाताचे तुकडे, मधूनच नारळांच्या रांगा. म्हैसूरला उतरले तो पाडव्याचा दिवस, सगळं बंद. राजवाडा बाहेरूनच पाहिला. चामुंडी टेकडीकडे तोंड करून एका हॉटेलात लोण्याचा डोसा खाल्ला आणि लवकर झोपले.

भाऊबीजेला आपल्याकडे कचेऱ्यांना टाळं असतं. कर्नाटकात तसं नाही, उघड्या असतात. सकाळीच उपनिबंधक कचेरीत हजर झाले आणि मुंबईच्या सवयीनं (तिथं मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे कोर्टाचं शिक्कामोर्तब लागतं) विचारलं, "हिराबाई माने यांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट कुठं बघायला मिळेल?"

काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "प्रोबेट इथं कोण करतंय, मॅडम?" त्या हिंदी आणि कन्नड मिसळून बोलत होत्या. "घरातच विल वाचतात, अष्टे (एवढंच). रजिस्टर केलं असेल तर नक्कल देऊ. डेथ सर्टिफिकेट बेकु (पाहिजे)."

"कधी गेल्या तेच माहीत नाही."

"मग आधी ते शोधा."

महापालिकेत जाऊन शोधलं. हिराबाई माने नावाची कोणी बाई म्हैसुरात मेल्याची नोंद नव्हती. जन्माला आल्याची तर नसणारच. दुपारपर्यंत माझा तोरा पुरता उतरला होता.

मग पणजोबांच्या ओळीचं बोट धरून लष्कर मोहल्ल्यात गेले. अरुंद गल्ल्या, लोखंडाची, रबराची, प्लास्टिकची छोटी दुकानं, वेल्डिंगच्या ठिणग्या. घोडदळात चाकरीला आलेल्या मराठ्यांची घरं एके काळी या बाजूला होती, असं ऐकून होते. घोडा एकही दिसला नाही, स्कूटर मात्र अंगावर येत होत्या. त्यातल्याच एकीला चुकवताना चपलेचा अंगठा तुटला. मी चप्पल हातात घेऊन एका मिक्सर दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि चक्क मोठ्यानं म्हणाले, "आता झालं कल्याण!"

आतून आवाज आला, "मराठी काय तुमी?"

दुकानदार शिंदे, साठी ओलांडलेले. घरात मराठीच बोलतो म्हणाले, पण मुलांना 'स्वल्प स्वल्प' (थोडं थोडं) येतं. त्यांनी तारेनं चप्पल बांधून दिली. मी मान्यांचं विचारलं.

"मान्यांचं घर पाडून तिथं गोडाऊन झालं की. नरसिंगराव माने आता कुवेंपुनगरला असतात, बँकेत होते. माझ्याकडं त्यांचा मिक्सर येतो."

"त्यांच्या घरात हिराबाई होत्या का कोणी?"

"हिराबाई?" त्यांनी मान हलवली. "असं कोण नव्हतं त्या घरात."

तरी पत्ता घेतला. रिक्षावाल्यानं कुवेंपुनगरात भलत्याच टोकाला सोडलं. सगळे रस्ते सारखेच, घरांपुढे रांगोळ्या, दारात स्कूटर. तारेच्या चपलेनं फटक फटक करत मी नरसिंगरावांच्या घरी पोचले, तेव्हा उन्हं उतरत होती.

दार त्यांनीच उघडलं. उंच, ताठ, पंचाहत्तरी उलटलेले. "यार बेकु (कोण पाहिजे)?"

"मी सांगलीची. घाडग्यांची. आमची एक आत्या मान्यांकडे दिली होती, हिराबाई. त्यांची चौकशी करायची होती."

त्यांची नजर माझ्या हातातल्या फायलीवर गेली. "त्यात काय?"

"मृत्युपत्राची नक्कल. माझ्या पणजोबांचं."

"पालु (वाटा) मागायला आला?"

मी इतकी गडबडले की हसूच आलं, आणि ते हसणं फारच वाईट वेळी आलं. त्यांचा चेहरा आणखी घट्ट झाला. "हिराबाई नावाचं या घरात कोण नाही. कधी नव्हतं. कॉफी घेऊन जावा." हाकलतानासुद्धा कॉफी! सोफ्यावर दोन वयस्क गृहस्थ नवे शर्ट घालून बसले होते. नरसिंगरावांच्या पत्नी यशोदाबाईंनी माझ्या हातात कप दिला आणि ते दोघं आपले भाऊ, भाऊबीजेला आलेत, असं सांगितलं. कॉफी उत्तम होती. दोन घोटांत संपवून मी बाहेर पडले.

फाटकापाशी रिक्षाची वाट पाहत उभी राहिले. खरं सांगते, रडू येत होतं. आबांना जाऊन काय सांगायचं? की तुमची बहीण कुठल्याच कागदात नाही, ना आपल्या, ना त्यांच्या?

तेवढ्यात यशोदाबाई अंगणात आल्या. हातात चांदीचं तबक, त्यात निरांजन, सुपारी, कुंकू. समोरच्या घरांच्या वर बीजेची बारीक कोर दिसत होती. त्यांनी पदर सावरला, चंद्राकडे अक्षता टाकल्या आणि त्याला ओवाळलं.

मी बघतच राहिले. जिला भाऊ नसतो, किंवा ज्याचा येण्याचा भरवसा नसतो, ती चंद्राला भाऊ मानून ओवाळते. या बाईंचे दोन दोन भाऊ तर आत सोफ्यावर लाडू खात होते.

"ताई," मी फाटकातूनच विचारलं, "तुमचे भाऊ आत आहेत ना? मग चंद्राला का?"

"ही माझी भाऊबीज नव्हे," त्या सहज म्हणाल्या. "आमच्या अत्तेंची (सासूबाईंची). त्यांना भाऊ होता म्हणे महाराष्ट्रात, बाळू म्हणून. आला नाही कधी. त्या होत्या तोवर त्या करायच्या, आता मी करते. विलमध्येच लिहून ठेवलंय त्यांनी."

आबांचं नाव दत्तात्रय. त्यांना बाळू म्हणणारी माणसं कधीच संपली.

"तुमच्या अत्तेंचं नाव काय हो?"

"रुक्मिणीबाई. रुक्मिणी टीचर."

मी कपाळावर हात मारला. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितात आणि जुनं नाव माहेरच्या उंबऱ्यावर राहतं, हे मला कुणी शिकवायला हवं? मी स्वतः माहेरची शैला, सासरची वैजयंती. आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर 'लग्नापूर्वीचं नाव' हा रकाना भरून घेतला, आणि सख्ख्या आत्याला मात्र माहेरच्या नावानं सासरी शोधत फिरले! आबांना तरी सासरचं नाव कुठून ठाऊक असणार, त्यांची ती नुसती अक्का.

"बाळू माझे वडील," मी म्हणाले. "जिवंत आहेत."

यशोदाबाईंनी निरांजन तसंच जळत ठेवून माझा हात धरला आणि मला आत ओढत नेलं.

नरसिंगराव खुर्चीतून उठले नाहीत. "मला दारातच कळलं होतं," ते म्हणाले. "घाडगे म्हणालात तेव्हाच."

"मग?"

"मग काय? माझ्या लग्नात मामाच्या जागी नारळ ठेवला होता. एवढी वर्षं नारळ मामा. आणि आता कोण येतंय तर हातात विल घेऊन. हे घर आईच्या पगारातून झालेलं. मला काय वाटावं, तुमीच सांगा."

मी फाइल उघडून पणजोबांची साडीचोळीची ओळ वाचून दाखवली. "हा वाटा तुम्ही आमच्याकडे मागायचा आहे," मी म्हणाले. "एकदाही पोचला नाही."

ते खुर्चीतून उठले. मग कपाट उघडून त्यांनी आईचं मृत्युपत्र काढलं. कन्नडमध्ये होतं. ते बोट ठेवून मराठी करत वाचू लागले. घर मुलाला, पुस्तकं शाळेला, आणि शेवटी: 'ओवाळणीचं चांदीचं तबक माझ्या धाकट्या भावाचं, बाळूचं. त्याला यायला जमलं नाही, त्याचा दोष नाही, तो लहान होता. तो किंवा त्याचं कोणी येईल तोवर तबक कपाटात ठेवू नये. दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं. येणाऱ्याला उपाशी पाठवू नये.'

तो लहान होता. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही. यशोदाबाईही पदर तोंडाला लावून बसल्या.

"ऊटा (जेवण) करूनच जायचं," नरसिंगराव म्हणाले. "लिहिलंयच तसं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की समोर बसलेला हा रागीट म्हातारा माझा सख्खा आतेभाऊ आहे, आणि आज भाऊबीज आहे. पाट मागितला. ते आढेवेढे घेत बसले, डोक्यावर रुमाल टाकला. मी त्याच तबकानं त्यांना ओवाळलं. खिसे चाचपत ते म्हणाले, "आता पालु द्यावाच लागतोय की!" आणि निरांजन उतरवून रिकामं तबक माझ्या हातात ठेवलं.

आबांना फोन लावू का, असं विचारलं तर हात उडवून म्हणाले, "फोनवर नको. मामानं यायचं असतं."

जेवणात कोसंबरी, चित्रान्न, होळगे (पुरणपोळी) आणि वर भरपूर तूप. नरसिंगराव प्रत्येक घासाला "स्वल्प आणि" म्हणून वाढत होते. त्या घरची मराठी माझ्या कानाला आधी तुटक वाटली होती, पण जेवण संपेपर्यंत मीच "साकु, साकु (पुरे)" म्हणायला लागले होते.

परतीच्या गाडीत तबक मांडीवरच ठेवलं होतं. इतकी वर्षं मी मृत्युपत्रांत कुणाला काय मिळालं ते पाहत आले. कुणी कुणाची वाट पाहिली हेही त्यात लिहिता येतं, हे मला आत्याकडून कळलं. मला ती भेटायला हवी होती. फार उशीर केला आम्ही सगळ्यांनी.

घरी आबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी तबक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं. "चंद्राला? दरवर्षी?"

"दरवर्षी. आणि तो लहान होता, असं लिहिलंय."

आबा तबकाच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. ओवाळू का म्हटलं, तर नको म्हणाले. संध्याकाळी काठी घेऊन माझ्या भावाबरोबर बाजारात गेले आणि हिरवी इरकल साडी नि खण घेऊन आले. अक्काला हिरवा आवडायचा म्हणे. साडीचोळी तबकात ठेवून त्यांनी वर पंचा बांधला.

"तबक रिकामं परत करायचं नसतं," ते म्हणाले. "म्हैसूरचं तिकीट काढ. मामा येतोय म्हणून कळव त्याला."

"परतीचं कधीचं काढू?"

"ते भाचा ठरवेल," आबा म्हणाले.