व्याह्यांच्या गिटारीचे पोपडे

व्याह्यांची वस्तू विकू नये, हे मला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं. मी चौथीपर्यंत शिकले, तिथे हा धडा नव्हता.

माझा मुलगा मिलिंद वाघोडियाला कारखान्यात साहेब आहे. पन्नाशी उलटली की माणसांना गुडघेदुखी लागते, ह्याला गिटार लागली. तीही विजेवर चालणारी! मोबाइलवरून स्वस्तातली एक मागवली आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरातली एक अख्खी खोली तिच्या नावे केली. दार लावून वाजवायचा. (दाराचा उपयोग होत नव्हता, पण त्याची भावना चांगली होती.)

त्यातच माझ्या नातीचं, अनुजाचं, लग्न ठरलं आणि तिचे होणारे सासरे शिर्केसाहेब नेमके गिटारवाले निघाले! व्याह्या-व्याह्यांनी मांडवाचं बोलावं, जेवणाचं बोलावं. हे दोघं तारांचं बोलत बसले.

"मिलिंदराव, स्वस्तातली ती स्वस्तातलीच," शिर्केसाहेब म्हणाले. "माझी आठवडाभर घेऊन जा. बोटांना आपोआप फरक कळेल."

ती आली. मिलिंद रोज दोन्ही आलटून पालटून वाजवायचा आणि बंद दाराआडून ओरडायचा.

"आई, ही ऐक. आता ही. कळला ने फरक?"

"कळला. मघाशी मिक्सरमध्ये चमचा राहिला होता, आता वाटी राहिलीय."

"अगं, आपलीच्या खुंट्या सरकतात, सूर उतरतो. पट्ट्यांच्या कडा बोटांना बोचतात. साहेबांचीवर हात कसा लोण्यासारखा फिरतो!"

हे लोणी आपल्या गिटारीच्या दहापट महाग होतं. तरी मिलिंदने तसलीच घ्यायचं ठरवलं. सुनंदा म्हणजे माझी सून. ती म्हणाली, "आधी घरातली काढा, मग दुसरी आणा." म्हणून त्याने मोबाइलवर जाहिरात टाकली. छाणीचे कुणी हसमुखभाई पैसे पाठवून मोकळे झाले आणि गिटार न्यायला आले, तेव्हा घरात मी एकटी. मिलिंदला फोन लावला.

"आई, खोलीत दोन आहेत. स्वस्तातली दे. साहेबांचीला हात लावू नकोस हं!"

"जन्मभर बाजार मी केलाय. मला स्वस्त-महाग तू शिकवणार?"

खोलीत दोन्ही भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोन्ही निळ्या. एक नव्या फ्रिजसारखी चकचकीत. दुसरीचे पोपडे उडालेले, कडेचं लाकूड उघडं पडलेलं, खिळे गंजके, जणू धोब्याने तिच्यावर चादरी आपटल्या होत्या. प्रश्नच नव्हता! इस्त्रीचा रुमाल वापरणारे शिर्केसाहेब असली वस्तू घरात ठेवतील?

मी पोपडेवाली हसमुखभाईंच्या हातात दिली.

"बा, फोटोमां तो नवी लागती हती!"

"फोटोत मीसुद्धा नवी दिसते."

त्यांनी तारांवर बोटं फिरवली आणि डोळे मोठे केले. "रंग बेकार छे, पण हात तो जुओ, माखण जेवो चाले छे!" तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी काय केलं? वस्तू खराब आहे म्हणून वर लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली!

संध्याकाळी मिलिंद घरी आला, खोलीत गेला आणि उलट्या पावली बाहेर आला.

"आई! पोपडेवाली कुठाय?"

"विकली. तूच सांगितलंस ने?"

"अगं, तीच महागातली! कारखान्यातच घासून जुनी करतात. त्याचे जास्त पैसे घेतात."

"कशाचे? पोपड्यांचे?"

"हो!"

"आणि लोक देतात?"

सुनंदाने कपाळाला हात लावला. "उद्या सकाळी साहेब गिटार न्यायला येणारेत. ज्या घरात दुसऱ्याची गिटार आठवडाभर टिकत नाही, त्या घरची मुलगी करावी का, असं त्यांच्या मनात आलं तर?"

तशीच मी मिलिंदच्या स्कूटरवर मागे बसले, चकचकीत गिटार पाठीला अडकवून. सिग्नलला लोक वळून बघत होते. मीही त्यांच्याकडे बघितलं.

छाणीला हसमुखभाईंचा लोखंडी कपाटं रंगवण्याचा कारखाना निघाला. मला बघून ते खूश झाले. "आवो बा, आवो! नवरात्रीमां गरबामां वगाडवानी छे. जुओ, केवी नवी करी दीधी!"

गिटार पोपटी होती. ओली.

मिलिंदने चकचकीत पुढे केली, बदलून मागितली. हसमुखभाईंनी एकदाच वाजवून बघितली. "आ तो रमकडुं छे! पेली नहीं आपुं." आमच्या गिटारीला खेळणं म्हणाले, आणि पोपटी सोडेनात.

छाणीच्या माणसाला फरक एका मिनिटात कळला. फक्त मलाच कळला नव्हता. मी म्हटलं, "भाई, ती माझ्या नातीच्या होणाऱ्या सासऱ्यांची आहे. लग्न मोडेल."

"अरे बा! पहेलां बोलवुं ने!" त्यांनी पैसे परत घेऊन लगेच गिटार दिली, वर थिनरची बाटली दिली. "पण अथाणुं पाछुं नहीं मळे!" लोणच्यावर ते ठाम होते.

घरी येऊन थिनरने पुसली. पोपटी गेला, पण जाताना बराचसा निळाही घेऊन गेला. उरलेले ठिपके हटेनात. शेवटी मी तारेची घासणी घेतली आणि पदर खोचला. मिलिंदने डोळे मिटून घेतले.

सकाळी शिर्केसाहेब आले. मिलिंदने काहीतरी गोष्ट रचून ठेवली होती, पण त्याला खोटं बोलताना ढेकर येतात. पहिला आला तशी मीच म्हटलं, "साहेब, तुमची गिटार मी विकली. छाणीला ती पोपटी झाली. मग मी तव्यासारखी घासली. अनुजाचा यात काही दोष नाही. चहा घेणार ने?"

शिर्केसाहेबांनी चष्मा चढवला, गिटार उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"आजी, हे सगळं तुम्ही केलंत?"

"सगळं."

"कारखान्यातले ओरखडे मला नेहमी खोटे वाटायचे हो. ही आता चाळीस वर्षं वाजवल्यासारखी दिसतेय! वा!"

लग्न थाटात झालं. मिलिंद अजून महागातली घ्यायची म्हणतो, सुनंदा अजून नाही म्हणते. आणि परवा शिर्केसाहेब एक नवी कोरी गिटार घेऊन हजर! मागोमाग त्यांच्या मित्राचीही आली. "आजी, तुमच्या हाताला तोड नाही," म्हणतात. जन्मभर मी घरातली एकेक वस्तू जिवापाड सांभाळली, आणि बडोद्यात माझं नाव झालं ते चांगल्या वस्तूची वाट लावण्यात!