चुलीपासून ओट्यापर्यंतची बिडी

डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, दोनदा नीट पाहिला आणि म्हणाले, "याला टीबी नाही."

लोणावळ्याच्या इस्पितळातली ती खोली मला अजून जशीच्या तशी आठवते. मी स्टुलावर बसलो होतो. आबा, म्हणजे माझे वडील, टोपी हातात धरून दाराशी उभे होते. ते म्हणाले, "न्हाई म्हंजी? चार म्हैनं आमी त्याचं ताट येगळं ठिवलंय."

"तिथंच चुकलं," डॉक्टर म्हणाले. "थुंकी तीनदा तपासली, तिच्यात काही नाही. फुप्फुसं चांगली आहेत. खोकला बिडीचा आहे. आणि बाकी जे दिसतंय त्याला डिप्रेशन म्हणतात."

हा शब्द आम्ही दोघंही पहिल्यांदाच ऐकत होतो. आबांना तो काही केल्या उच्चारता येईना. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "हा मनाचा आजार आहे, वेड नव्हे. कशात गोडी वाटत नाही, झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटत राहतं. पाय मोडलेल्याला चालता येत नाही, तसं याला सध्या खूश होता येत नाही. आळशी म्हणून हिणवू नका."

मला एकदम रडू कोसळलं. टीबी नाही याचा आनंद होताच, पण माझ्या आत काय चाललंय ते कुणीतरी ओळखलं याचा त्याहून जास्त होता.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी सतरा वर्षांचा, मॅट्रिकच्या वर्गात होतो. आज मी मास्तर आहे आणि कान्हे स्टेशनाच्या मागं धूर सोडणारी पोरं मला रोज दिसतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी हे लिहितो आहे. उपदेशाचा मला भारी कंटाळा आहे, म्हणून जे झालं तेवढंच सांगतो.

मी आधी शाळेत मागं बसायला लागलो. मग शाळेतच जाईनासा झालो. कारण विचाराल तर धड सांगता यायचं नाही. नापास झालो नव्हतो, घरात भांडण नव्हतं. पहाटे चारला जाग यायची आणि उजाडूच नये असं वाटायचं. भातलावणीच्या दिवसांत सगळं घर खाचरात वाकलेलं असायचं आणि मी बांधावर बसून आपल्याच पायांकडं बघत राहायचो. अंगावर मांस राहिलं नाही. त्यात खोकला. मग काय, गावानं निकाल लावून टाकला, हा टीबीच.

गोठ्यावर पेंढा ठेवायचा माळा होता, तिथं माझं अंथरूण गेलं. ताट, तांब्या, वाकळ सगळं वेगळं. आई शिडीवर भाकरी ठेवायची आणि पदर डोळ्याला लावून निघून जायची. आता सांगा, उदास माणसाला आणखी उदास करायचं असेल तर याहून चांगला उपाय कोणता? पण त्यांचा दोष नव्हता. जिवाच्या भीतीनं आणि मायेनंच ते सगळं चाललं होतं.

त्या खोलीत डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, "माळ्यावर याला बिड्या कोण देतं?"

आबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग खाली बघून म्हणाले, "मीच. म्हटलं, पोर हातचं चाललंय. तेवढाच त्याच्या जिवाला इरंगुळा."

"आणि कधीपासून ओढतोस रे?"

"आठव्या वर्षापासून," मी म्हणालो.

आबा कडाडले, "खोटं बोलू नगंस डाक्टरांपुढं!"

"खोटं न्हाई, आबा. तुमचीच पेटवून आणायचो की."

आमच्याकडं संध्याकाळी ओट्यावर बसलेला कर्ता माणूस बिडीसाठी उठत नसे. पोराला हाक मारायची, "ए, पेटवून आण रं." पोरानं चुलीशी बसायचं, बिडी तोंडात धरून निखाऱ्याला लावायची. ओढल्याशिवाय ती पेटत नाही, म्हणून एक झुरका. नीट धरावी म्हणून दुसरा. माजघर आणि पडवी ओलांडून ओट्यापर्यंत जाताना विझू नये म्हणून तिसरा. विझली की शिवी ठरलेली. माझी कधीच विझत नसे. आबा चारचौघांत कौतुकानं सांगायचे, "आमच्या पोराच्या हातची बिडी इजत न्हाई." त्या कौतुकासाठी मी चौथाही झुरका मारायचो. चौदाव्या वर्षी माझी स्वतःची बिडी सुरू झाली आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "बिडीनं उदासी आली की उदासीनं बिडी वाढली, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण आता दोघी एकमेकींना पोसताहेत. एकीला हलवलं की दुसरीही हलेल." तंबाखूत निकोटीन नावाचं द्रव्य असतं आणि मेंदूला त्याची सवय जडते, हेही त्यांनीच सांगितलं.

त्यांनी झोपेच्या थोड्या गोळ्या दिल्या. पण खरा उपचार तीन गोष्टींचा होता. ताट त्याच दिवशी घरात आणायचं. दर शनिवारी गाडीनं लोणावळ्याला त्यांच्याकडं यायचं. आणि वहीत रोज दोन ओळी लिहायच्या: आज बिड्या किती, आज मन कसं.

पहिले आठ दिवस फार वाईट गेले. जरा कुणी बोललं तरी डोकं भडकायचं. पण तिसऱ्या आठवड्यात वही चाळताना माझं मलाच दिसलं. ज्या दिवशी बिड्या जास्त, त्याच्या दुसऱ्या सकाळी मन जास्त काळवंडलेलं. बिडीनं दहा मिनिटं बरं वाटायचं, हे खरं. पण ते बरं वाटणं म्हणजे तिच्यावाचून होणारी तगमग तेवढ्यापुरती थांबणं. काटा तीच रुतवायची आणि फुंकरही तीच घालायची. एवढी साधी लबाडी मला नऊ वर्षं कळली नव्हती.

दीड महिन्यानं एका मित्रानं स्टेशनावर बिडी पुढं केली आणि मी ओढली. एक नव्हे, चार. शनिवारी मान खाली घालून डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग? पुन्हा सोड." एवढंच. इतका हलका होऊन मी त्याआधी कधी परतलो नव्हतो.

पण माझा जीव खरा वाचला तो घरी. इस्पितळातून आलो त्याच संध्याकाळी आबा ओट्यावर बसले आणि सवयीनं हाक दिली, "ए, पेटवून..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. रेल्वेत गँगमनचं, रूळ दुरुस्तीचं काम करून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. तरी भिंतीला हात लावून ते उठले, पडवी ओलांडली, माजघरातून चुलीपाशी गेले आणि खाली बसून स्वतःची बिडी स्वतः पेटवली. आईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं. ओट्यावर पोचेपर्यंत बिडी विझली. ते परत गेले. मी जेवता जेवता हे बघत होतो. माझ्यासाठी कुणीतरी एवढे कष्ट घेतंय, म्हणजे मी कुणाच्या तरी उपयोगाचा आहे, हे मला त्या क्षणी पटलं.

मी मॅट्रिक एक वर्ष उशिरा झालो. पहाटेची जाग सहा महिन्यांनी गेली. आजही कधीतरी मन खाली जातं, पण आता ते वर कसं येतं हे मला ठाऊक आहे. पोरांनो, मन सतत खाली राहत असेल तर बिडीला विचारू नका, डॉक्टरला विचारा. आणि आईबापांनो, पोर वाळत चाललं तर त्याचं ताट दूर करण्याआधी त्याच्याशेजारी बसून जेवा.

आबांची बिडी सुटली नाही. मी हट्ट धरून बसलो नाही, त्यांनी त्यांच्या वाटचं केलं होतं. परवा संध्याकाळी ते ओट्यावर खिसा चाचपत होते. माझी पाच वर्षांची मुलगी धावत गेली आणि हात पुढं करून म्हणाली, "आबा, मी आणू पेटवून?"

आबांनी बिडी मुठीत मिटली, दुसरा हात भिंतीला लावला आणि कण्हत उठले.

"नगं, पोरी," ते म्हणाले. "माजं पाय अजून चालत्यात."