धुरपता गेली, असं दादानं लिव्हलं

माझा दादा दिनकरराव पूर्णेला रेल्वेत होता. रिटायर झाला अन् लेखक झाला. लोकं रिटायर झाल्यावर भजनाला जातेत, गुडघ्याला तेल चोळत बसतेत. ह्यानं मोबाइल घेतला अन् कथा लिव्हायला लागला. बरं, लिव्हायचं तर लिव्ह की बाबा, कोण अडवलंय? पण ह्याला अभिप्राय पाहिजे. तोबी साधा न्हाई, परखड!

त्याचा एक लेखकांचा व्हॉट्सॲप ग्रुप हाय. ॲडमिन योगीराज, पूर्णेतच बियाण्याचं दुकान चालवतो. दादा कथा टाकतो अन् खाली लिव्हतो, 'कृपया चुका दाखवाव्यात.' दम घ्यायच्या आत योगीराजचं उत्तर, 'अप्रतिम! हृदयस्पर्शी!' त्याच्यामागं जोडलेले हात, फुलं, टाळ्या. अहो, तेवढ्या टायमात कथेचं नावबी वाचून होत न्हाई. दादा मला फोनवर म्हणायचा, "सुमन, एकानं तरी म्हणावं की हितं फसलंय. नुसते फुलं घेऊन काय हार करू?"

आन् हा दुसऱ्याला मात्र खरं सांगायचा. योगीराजच्या कवितेत अमावस्येला चंद्र उगवला तर ह्यानं ग्रुपवरच विचारलं, 'कसा काय?' योगीराज लय दिवस रुसून बसला.

यंदा परभणीच्या एका दिवाळी अंकानं दादाकडं कथा मागितली. जन्मात पहिल्यांदा नाव छापून येणार. रविवारपर्यंत पाठवायची होती अन् दादाची झोप उडाली. छापल्यावर लोकं हसले तर? जेवण जाईना त्याला. म्हणून त्यानं कथा आधी ग्रुपवर टाकली, कुणीतरी खरं सांगंल या आशेनं.

कथेची पहिली ओळ, 'माझी धुरपता आज पहाटे मला सोडून गेली.' धुरपता म्हणजे आमची वहिनी. चांगली जिती-जागती! जित्या बायकोचं नाव असं मेलेल्या बाईला देतेत का? मी नंतर विचारलं तर म्हणतो, "लिव्हताना दुसरं नावच सुचंना."

आता लांब मजकूर आला की मोबाइलवर वरच्या चार ओळी दिसतेत, खाली 'आणखी वाचा' असतंय. दाबतंय कोण! योगीराजनं वरचं बघितलं अन् ठोकलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग एकामागून एक सगळे सुरू. कुणीतरी त्या चार ओळी आमच्या भावकीच्या ग्रुपवर ढकलल्या, अन् तिथून त्या माझ्या सासरी, बोरीला, माझ्या हातात.

दादाला फोन लावते तर बंद. अभिप्राय येईस्तोवर छातीत धडधड होते म्हणून हा मोबाइल बंद करून गव्हाच्या डब्यात ठिवतो, हे मला काय ठाव! मयताच्या घरी चूल पेटत न्हाई म्हणून रडत रडतच पिठलं-भाकरी केली, फडक्यात बांधली अन् एसटीत बसले. बोरीहून परभणी, परभणीहून पूर्णा, सगळ्या वाटंनं डोळ्याला पदर.

दारात दादा दिसला की त्याच्या गळ्यात पडले. "माझी वहिनी गं! मायेची सावली गेली गं!" दादा नुसता बघायलाय. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "काय झालं वन्सं? कोण गेलं?"

वहिनी! तोंडाला फडकं बांधून मिरच्या निवडायलीय!

मी किंचाळलेच. मग रागानं जी सुटले की विचारू नका. पण दादाला झापून होईस्तोवर शेजारच्या दोघी भाकरी घेऊन आल्या. त्यांच्यामागं योगीराज, हातात झेंडूचा हार. वहिनीला बघून त्यानं हार पाठीमागं लपवला. वहिनी म्हणाली, "आणलाय तर द्या की. दाराला लावते."

एवढं अन्न वाया कसं घालवायचं? सगळे पंगतीला बसलो. दादा मात्र घास घेईना. हळूच म्हणाला, "ते जाऊ द्या. पण कथा कशी वाटली?"

सगळे ताटात बघायले. पुढं कुणीच वाचली नव्हती. मीबी न्हाई. दादाचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगते, मघाशी एवढं चिडले होते, पण तवा मीच त्याच्या ताटात पिठलं वाढलं.

वहिनी म्हणाली, "वाचा मोठ्यानं. मेलेली मी हाय, मला तरी ऐकू द्या."

दादानं गव्हाच्या डब्यातून मोबाइल काढला अन् वाचायला लागला. 'ती क्षीण स्वरात म्हणाली, नाथ, आता निरोप द्या...'

"थांबा," वहिनी म्हणाली. "मी तुमाला कवा नाथ म्हणले?"

दादानं पुढं वाचलं, 'मी स्वतःच्या हातांनी चहा करून तिला पाजला.'

"हे तर बिलकुल खोटं. साखरंचा डबा कुठं हाय सांगा बरं?"

दादा स्वयंपाकघराकडं बघायला लागला. योगीराजला ठसका लागला. दादा तडकला, "तुला साहित्यातलं काय कळतंय?"

"ए दादा!" मी म्हणले. "परखड पाहिजे, परखड पाहिजे म्हणून जगाला बेजार केलास. आता मिळालंय तर ऐक की गुमान!"

त्यानं मुकाट्यानं पुढं वाचलं. शेवटी तो नवरा एकटाच जेवायला बसतो अन् सवयीनं भाकरीचा पापुद्रा काढून बाजूला ठिवतो. तिला आवडायचा म्हणून. मग त्याच्या ध्यानात येतं की खाणारी न्हाई.

वहिनीनं हातातला घास ताटात ठिवला. मग म्हणाली, "मला पापुद्रा आवडतो, हे तुमाला ठाव हाय?"

"हाय की."

"मग कवा बोलला न्हाईत?"

"त्यात काय बोलायचं?"

"एवढी एक जागा खरी हाय," वहिनी म्हणाली. "ही ठिवा. बाकीचं काढा. आन् पापुद्रा द्यायला मला मारायची काय गरज व्हती?"

दादानं समोरच्या भाकरीचा पापुद्रा काढला अन् सगळ्यांदेखत वहिनीच्या ताटात ठिवला. वहिनीनं पदरानं डोळे पुसले अन् म्हणाली, मिरच्या झोंबल्या.

शनिवारी दादानं सगळी कथा कागदावर नव्यानं लिव्हली. आता बायको मरत न्हाई. नवरा साखरंचा डबा हुडकतो अन् त्याला मिठाचा सापडतो. ग्रुपवर टाकली तर योगीराजचा आधी फोन आला, "दिनकरराव, वहिनी हायेत ना?" हाय म्हणल्यावर त्यानं लिव्हलं, 'अप्रतिम! हृदयस्पर्शी!'

दादानं मोबाइल बंद केला. डब्यात न्हाई ठिवला, खिशात घातला. कागद घेऊन चुलीपाशी जाऊन बसला अन् म्हणाला, "धुरपता, आता ऐक बरं. फसलं तिथं सांग."

वहिनी म्हणाली, "आधी चहा करा."